राखीव ढाल

बावडा, ता. इंदापूर
५ जानेवारी २०२५

चि. रेश्मा,

तुझ्या कंपनीच्या गेटवर मोबाईल काढून घेतात आणि तू सुटतेस तोवर मी अंथरुणात असतो, म्हणून हे कागदावर लिहितो आहे. सूनबाई दिपाली याचा फोटो काढून तुला पाठवील. ती वाचणारच, तेव्हा घरातलं काही लिहीत नाही. कामाचंच लिहितो.

बातमी चांगली आहे. तुझ्या ‘चारी नंबर बारा’ला ढाल मिळणार. दोन तारखेला, फेब्रुवारीच्या, बारामतीच्या नाट्यगृहात. वीस मिनिटांचं चित्र, तेही मोबाईलवर काढलेलं, आणि ढाल! तुझा बाप कुंडलिक आज पाहिजे होता. फौजदाराचा वेश करून तो माझ्या तंबू टॉकीजच्या दारात उभा राहायचा आणि फुकटी पोरं पळत सुटायची. बहुरूपी पुष्कळ बघितले, पण त्याच्यासारखा फौजदार खऱ्या फौजदारांतही नव्हता.

आता ढाल कशी मिळाली ते नीट समजून घे, म्हणजे तिथं येऊन घोटाळा करायची नाहीस. आमच्या ग्रामीण चित्रगौरवाचे अध्यक्ष विजयसिंहराव. त्यांची सगळी हयात कारखान्याच्या संचालक मंडळात गेली, दुसरी रचना त्यांना ठाऊक नाही. म्हणून पुरस्कारांचे गटही त्यांनी तसेच पाडले. सर्वसाधारण गटात दिग्दर्शन, अभिनय आणि संगीत. त्याशिवाय एक ढाल महिला राखीव आणि एक भटके-विमुक्त राखीव. म्हणाले, “सगळ्या समाजाला घेऊन चालायचं, तात्या. कुणी नाव ठेवाय नको.” मला पटलं. परीक्षकांत मीच पहिला हात वर केला.

महिला राखीव तुझ्या चित्रातल्या अंथुर्ण्याच्या फुलाबाईला आणि भटके-विमुक्त तुला. तू महिलाही आहेस, पण एका माणसाला दोन गटांतनं उभं राहता येत नाही. हे मी त्यांना विचारून घेतलं. म्हणजे दोघींची सोय झाली.

वेळेवर ये. एसटी चुकली तर पुढची मिळेलच असं नाही. साडीच नेस असं म्हणत नाही, पण ती गुडघ्यावर फाटलेली पँट नको. लोक म्हणतील, परीक्षकानं ओळखीची पोरगी घेतली आणि तीही फाटकी.

जोतीराम तात्या


लोणी देवकर
७ जानेवारी

ती. तात्या,

पत्र पोचलं. फोटोत तुमचा अंगठा आणि चहाचा कपही आलाय. पँट फाटलेली नाही, तशीच विकत मिळते. निकिता म्हणते, तात्यांनाही तसली एक घेऊन देऊ. निकिता म्हणजे आमची कॅमेरावाली, पॅकिंगला माझ्या शेजारी उभी असते. आम्हाला गुरुवारी सुट्टी, म्हणून सगळं चित्र आम्ही गुरुवारी-गुरुवारी काढलं.

तात्या, मला ती ढाल नको.

रागावू नका, आधी पुढचं वाचा. माझी आई सारजा राखीव जागेवर ग्रामपंचायतीत गेली. ती जागा नसती तर आम्हा बहुरूप्यांना कुणी पंचायतीच्या पायरीवर बसू दिलं नसतं. आजही ती आहे म्हणून वस्तीवर नळ आहे. राखीव जागेला मी नावं ठेवणार नाही. ती दार उघडायला असते. पण इथं मी दारातनं आत आले, तुम्ही माझं चित्र बघितलं, इतरांच्या बरोबर बघितलं. त्यानंतर मला परत ओसरीवर का बसवता?

आणि फुलामावशीचं काय? चित्रभर तीच आहे. पण अभिनयाची ढाल पुरुषाला जाणार, कारण बायकांना त्यांची एक दिलीय! त्या एका ढालीसाठी मावशी, निकिता, गाणारी, रंगवणारी सगळ्या एका रांगेत. भेंडी, कोथिंबीर आणि कलिंगड एकाच पाटीत घालून भाव केल्यासारखं झालं हे. कुणाचं काय बघितलं तुम्ही?

मी अर्ज दिग्दर्शनासाठी भरला होता. तिथं हरले तर हरले. मला तुमच्याकडनं एकच उत्तर पाहिजे. सगळी चित्रं तुम्ही बघितलीत. पहिलं कुणाचं?

रेश्मा


बावडा
१० जानेवारी

चि. रेश्मा,

तुझं पत्र वाचलं आणि माझी रक्तदाबाची गोळी वेळेच्या आधी घ्यावी लागली. तुला काय म्हणावं तेच कळत नाही. आई राखीव जागेवर गेली ते चालतं आणि ढाल चालत नाही? मिळणारी गोष्ट लाथाडायची ही कसली रीत? मी चौथी शिकलेला माणूस, मला तुझं ओसरी आणि दार काही समजलं नाही. ढाल आहे. पितळेची आहे. घरात लावता येते.

काल विजयसिंहराव स्वतः गाडी घेऊन आले. मी ओट्यावर लसूण सोलत बसलेलो. तुझं म्हणणं त्यांच्या कानावर कुणी घातलं देवाला माहीत. मी नाही. बसायच्या आधीच बोलायला लागले.

“तात्या, पोरीला समजवा. ती सर्वसाधारणात उभी ऱ्हायली तर आमच्या ऋषिराजचं काय करू? त्याला काय राखीव हाय का?”

ऋषिराज म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याचं ‘बांधावरचा वाघ’ आहे, ड्रोन लावून काढलेलं. ऊस वरनं फार चांगला दिसतो.

मी म्हटलं, “साहेब, परीक्षकांनी ठरवायचं न्हवं?”

“परीक्षकांनीच ठरवायचं. पण ठरवायचं बिनविरोध. मी आयुष्यात निवडणूक लागू दिली न्हाय. समारंभाच्या पुण्याच्या पाव्हण्यांना मी लिहून बसलोय की आमी महिलांना जागा दिली, भटक्यांना जागा दिली. आता जागा हाय आणि माणूस न्हाय, असं झालं तर माझं त्वांड कुठं लपवू?”

दिपालीनं चहा आणला. तेवढ्यात तीही मधेच म्हणाली, “मामंजी, पाचही परीक्षक पुरुषच हायेत का?” विजयसिंहराव म्हणाले, “सूनबाई, साखर बेताची टाकलीय, छान.” असं झालं.

तेव्हा ऐक. या साली राखीव घे. पुढच्या साली सर्वसाधारणाचं बघू. फुलाबाईनं समारंभासाठी नवं लुगडं घेतलंय, तिच्या आनंदात माती कालवू नको. मलाही मान राहू दे. गाडी दारात येते, मागच्या सीटवर बसवतात, मंडळात पहिला चहा मला देतात. म्हातारपणी एवढं मिळालंय ते तू घालवणार असं दिसतंय. खोकलाही वाढलाय.

तात्या


लोणी देवकर
११ जानेवारी

ती. तात्या,

तुम्ही लसूण लिहिलात, ढालीचं पितळ लिहिलंत, खोकला लिहिलात. मी विचारलेली एक ओळ लिहिली नाहीत. म्हणजे उत्तर मला समजलं, पण ते तुमच्या अक्षरात पाहिजे.

राखीव ढाल नको, असं मी आज समितीला लेखी कळवलं. अर्ज फक्त दिग्दर्शनाला ठेवला आहे.

फुलामावशीच्या लुगड्याची काळजी करू नका. मी तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, “तू नगं म्हन, मी व्हय म्हनती. मिळतंय ते घेती आन् न मिळालेलं मागती. मला दोन्ही येतं.”

खोकल्याला आडुळसा घ्या.

रेश्मा


बावडा
१४ जानेवारी

चि. रेश्मा,

आज संक्रांत. तिळगूळ दिपालीनं तुझ्यासाठी बांधून ठेवलाय, गुरुवारी येऊन घेऊन जा. गोड बोल असं तुला सांगण्यात अर्थ नाही.

चार दिवस झोप नाही. डोळा लागला की तुझा बाप फौजदाराच्या वेशात येतो आणि माझ्याकडंच तिकीट मागतो. वैताग आलाय नुसता.

तर ऐक, कसं झालं ते. चित्रं बघायला आम्हा पाच जणांना दूध संघाच्या बैठकीच्या खोलीत बसवलं होतं. भिंतीवर चित्र, आणि मंडळी आपापल्या मोबाईलात. हेडमास्तर तर ‘बांधावरचा वाघ’ लागला तेव्हाच झोपले होते. ते काही वाघाचं काम नव्हतं, जेवण झालेलं होतं.

मग तुझं लागलं. त्यात तिची पाण्याची पाळी चुकवली म्हणून फुलाबाई कालव्याच्या चारीच्या दारावर जाऊन बसते, पाय पाण्यात सोडून. कालव्याचा माणूस येतो, सरपंच येतो, भावकी येते. ती कुणाशी एक शब्द बोलत नाही. फडक्यातली भाकरी सोडते आणि खायला लागते. त्या जागी दूध संघवाल्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. बँकेचे जे आहेत ते पुढं सरकून बसले. हेडमास्तर जागे झाले आणि म्हणाले, “काय झालं?” तर दोघंही त्यांना म्हणाले, “गप ओ.”

तंबूत मशीन चालवताना मी पडद्याकडं कधी बघितलं नाही. भोकातनं माणसांकडं बघायचो. माणसं शेंगा फोडायची थांबली की चित्र चालणार. मला चित्रातलं तेवढंच कळतं. त्या खोलीत शेंगा नव्हत्या, पण थांबलं सगळं. विजयसिंहरावसुद्धा.

पहिलं तुझंच. दुसरं कुठलं त्याच्या जवळपास नाही. घे, लिहिलं. आणि अभिनयात फुलाबाई. तिथं तर विचार करायचंच कारण नाही.

आधी का लिहिलं नाही म्हणशील. लिहिलं की मग ते मंडळात बोलावंही लागतं, म्हणून. रविवारी बैठक आहे. मी बोलणार. घसा चालला तर.

तात्या


बावडा
२० जानेवारी

चि. रेश्मा,

काल बैठक झाली. लिहू नये असं वाटतं, पण पोटात ठेवलं तर रात्री परत तुझा बाप येईल.

हेडमास्तरांनी ठराव वाचला. दिग्दर्शन, ऋषिराज. अभिनय, त्याच्याच चित्रातला नायक. संगीत, बारामतीचा कुणी. महिला राखीव, फुलाबाई. विजयसिंहरावांनी विचारलं, “सगळ्यांना मंजूर? बिनविरोध?”

मी हात वर केला.

“तात्या, पाणी पायजे का?”

“पाणी नगं. माझा विरोध हाय.”

खोलीत असं झालं की जणू कुणी बूट घालून देवघरात शिरलं. विजयसिंहरावांनी विचारलं, “कशाला विरोध?”

म्हटलं, “दिग्दर्शनाला. रेश्माचं चित्र पहिलं हाय. आन् अभिनयाला. फुलाबाईसमोर त्या नायकाचं काय हाय? मिशा हायेत. तुमी समद्यांनी बघितलंय. ह्यांनी मोबाईल पालथा ठेवला व्हता, इचारा त्यास्नी.”

दूध संघवाले चहाच्या कपात बघायला लागले. कप रिकामा होता.

विजयसिंहराव हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “तात्या, तुमी बोललात, चांगलं बोललात. पण तुमी स्वीकृत हाय. तज्ज्ञ म्हणून घेतलंय तुमाला. स्वीकृत सभासदाला बोलायचा अधिकार असतोय, मताचा नसतोय. कारखान्यात बी तसंच हाय. लिहा ओ गुरुजी, ठराव बिनविरोध मंजूर.”

आणि गुरुजींनी लिहिलं! माझा हात अजून वरच होता.

म्हणजे इतके दिवस मी गोळ्या खात होतो, झोप घालवत होतो, तुझ्याशी भांडत होतो, ते कशासाठी? ज्याला मतच नाही त्याला गाडी पाठवतात, मागच्या सीटवर बसवतात, पहिला चहा देतात. जागा होती माझी, पण शोभेची. तुझं ते ओसरीचं मला काल समजलं. मी तिथंच बसलो होतो आणि मान मिळाला म्हणून पान चघळत होतो.

येताना गाडीत बसलो नाही. एसटीनं आलो. उभ्यानं आलो. पाय सुजलेत. दिपाली बोलते आहे, बोलू दे.

तात्या


लोणी देवकर
२२ जानेवारी

ती. तात्या,

“पाणी पायजे का” इथपर्यंत मी आणि निकिता हसून लोळलो. पुढचं निकितानं मला दोनदा वाचायला लावलं.

तुमचं मत त्यांनी धरलं नाही, पण तुम्ही दिलं तर खरं. मला पोचलं. ज्यांचं मिळायला पाहिजे होतं, त्यांचं मिळालं.

समारंभाला मी येणार नाही. रविवारी कामावर आहे, आणि सुट्टी बदलून मागावी एवढी हौसही राहिली नाही. टाळ्या वाजवायला येईन असं आधी वाटत होतं, पण ऋषिराजसाठी हात उचलणार नाहीत. खोटं कशाला बोलू. रडले नाही असंही म्हणत नाही.

फुलामावशीला तेवढं सांभाळून न्या. तिला मोकळेपणानं ढाल घेऊ द्या. आणि आता भांडू नका. ठराव झाला, संपलं.

रेश्मा


बावडा
४ फेब्रुवारी

चि. रेश्मा,

भांडू नका म्हणालीस. मी भांडायला गेलोच नव्हतो, हे आधी लिहितो. कोपऱ्यात बसून, वडा खाऊन परत यायचं ठरवलं होतं. दिपालीला विचार.

मला स्टेजवर बसवलं, अगदी शेवटच्या खुर्चीवर. पडद्याची दोरी माझ्या डोक्यावर लोंबत होती. पाहुणे बोलले, महिलांबद्दल बोलले, वंचितांबद्दल बोलले. पुढच्या तिन्ही रांगा पुरुषांच्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋषिराजला ढाल दिली. मिशावाल्याला दिली. मग फुलाबाई आली. नवं लुगडं, पायात जुनीच चप्पल. ढाल छातीशी धरली आणि माईकवाल्याला बाजूला सारून म्हणाली, “बायकांत पयली केली, लई झालं. आता पुरुषांत कितवी आली त्येवढं बी सांगा की!” मागच्या बायका अशा हसल्या की पाहुण्यांनाही हसावं लागलं.

तिथवर ठीक होतं. मग निवेदकानं कागद वाचला. “भटके-विमुक्त राखीव पुरस्कार. योग्य उमेदवार न मिळाल्यामुळे जागा रिक्त ठेवण्यात येत आहे.”

योग्य उमेदवार न मिळाल्यामुळे! रेश्मा, मी उभा कधी राहिलो मला माहीत नाही. दोरी डोक्याला लागली तेव्हा समजलं की मी उभा आहे. निवेदकाच्या हातचा माईक घेतला आणि म्हणालो, “उमेदवार हाय. लोणी देवकरला कामावर हाय. तिनं राखीवमधनं मागितलंच न्हाय, तिनं सर्वसाधारणातनं—” एवढ्यात माईक बंद केला. मी तसाच बोलत राहिलो. माझा आवाज किती जाणार? पहिल्या रांगेलाही पोचला नसेल.

फुलाबाई पायरीवरच थांबली होती. आयुष्यभर बाजारात भाजी पुकारलेली बाई. ती वळली आणि माझं वाक्य न् वाक्य हाळी दिल्यासारखं मागं पोचवायला लागली.

“तात्या म्हनत्यात, रेश्माचं चित्र पयलं हाय!”

मी म्हणालो, “सगळ्यांत पयलं. राखीवमधलं न्हवं.”

“समद्यांत पयलं! राखीवमधलं न्हवं!”

मी म्हणालो, “परीक्षकांनी बघितलंय, त्यांना बी म्हाईत हाय.”

“ह्यास्नी बी म्हाईत हाय!” असं म्हणून तिनं ढालीनंच आम्हा सगळ्यांकडं बोट दाखवल्यासारखं केलं. दूध संघवाले मान खाली घालून बसले. मागनं एक पोरगी ओरडली, “चित्राचं नाव काय?” फुलाबाईनं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं.

विजयसिंहराव उठले. काय माणूस आहे! कपाळाला आठी नाही. म्हणाले, “तात्यांच्या भावना सभेनं नोंदवून घेतल्या हायेत. आता राष्ट्रगीत.” राष्ट्रगीत सुरू झाल्यावर मी काय बोलणार? ताठ उभा राहिलो. फुलाबाईही ढालीसकट.

ढाल तुला मिळाली नाही. बदललं काहीच नाही, हेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील तात्या फुगवून सांगतात. ऋषिराज जिन्यात भेटला. म्हणाला, “तात्या, मी बघितलंय तिचं चित्र. वाईट वाटून घेऊ नका.” वाईट कुणाला वाटायला पाहिजे ते त्याला सांगावंसं वाटलं, पण पोरगा रडकुंडीला आलेला. सोडून दिलं. खाली पोरींचा घोळका दिपालीभोवती उभा होता आणि ती सगळ्यांना मोबाईलवर तुझं चित्र कुठं सापडतं ते दाखवत होती. वडा मिळाला नाही.

आज सकाळी विजयसिंहराव परत दारात. मला वाटलं, आता काढलंच मंडळातनं. तर म्हणाले, “झालं गेलं जाऊ द्या. पुढच्या साली बी तुमीच पायजे, तात्या. लोक इचाराय लागलेत तुमच्याविषयी.”

म्हटलं, “येतो की. पण मत पायजे. स्वीकृत म्हणून येणार न्हाय.”

“बघू.”

“बघू न्हाय. मला सर्वसाधारणातनं घ्या. न्हायतर अंथुर्ण्याच्या फुलाबाईला घ्या. ती बोलली की ऐकाय तरी येतंय.”

ते उठले. चहा अर्धा ठेवून गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कदाचित मला काढतील. कदाचित पाहुण्यांना परत पत्र लिहितील की आम्ही ज्येष्ठांना जागा दिली.

तू मात्र पुढचं चित्र सुरू कर. फुलाबाईला नवी चप्पल घ्यायला सांग, तीच जुनी घालून येते. अर्ज दिग्दर्शनालाच भर, तिचा अभिनयाला भर, निकिताचा कॅमेऱ्याला. कॅमेऱ्याची ढाल नाही म्हणाले तर का नाही ते लेखी माग. त्यांना पुढच्या सालीही सगळं बिनविरोध करायचं असणार. आपण होऊ द्यायचं नाही. निवडणूक लागू दे.

तुझा
तात्या